सहकुटुंब युरोप : छत्रपती संभाजीनगरच्या उन्हाळी सुट्टीचा इतिहास

छत्रपती संभाजीनगरातून उन्हाळ्याच्या सुट्टीत सहकुटुंब युरोपला जाण्याची चाल गेल्या तीन-साडेतीन दशकांत रुळली. एप्रिलमध्ये शाळांच्या परीक्षा आटोपतात आणि जूनच्या मध्याला शाळा पुन्हा भरतात. मधल्या दिवसांत मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो, तर पॅरिसमध्ये याच सुमारास रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि आल्प्सच्या उंच शिखरांवर बर्फ टिकून असते. सुट्टीचे हे जुळून येणे पूर्वीही होतेच. त्याचा उपयोग सामान्य घरांना करता येत नव्हता. लोकांच्या हाती पैसा आला म्हणून ते युरोपला जाऊ लागले, असे सर्रास सांगितले जाते, पण ते अपुरे आहे. शहरात पैसेवाली घरे आधीही होती. अडथळे पैशाच्या पलीकडचे होते आणि ते एकामागून एक दूर व्हायला शंभर वर्षे लागली.

या शहराचा युरोपशी संबंध मात्र जुना आहे, कारण युरोपच आधी इथे आला. फ्रेंच प्रवासी जाँ द तेवनो सतराव्या शतकात वेरूळला येऊन गेला आणि लेण्यांचे वर्णन लिहून ठेवले. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस अजिंठा पडला. पुढे मुंबईहून रेल्वेने नांदगावला उतरायचे आणि तिथून बैलगाडी किंवा टांग्याने वेरूळ गाठायचे, हा गोऱ्या प्रवाशांचा ठरलेला मार्ग झाला. १९०० मध्ये मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज रेल्वे औरंगाबादेवरून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरावरून, सुरू झाली, तेव्हा ही दगदग कमी झाली. १९२० नंतर हैदराबाद संस्थानाने अजिंठ्याच्या चित्रांच्या जतनासाठी इटलीहून तज्ज्ञ आणले. शहरातल्या टांगेवाल्यांनी, हॉटेलवाल्यांनी आणि वाटाड्यांनी युरोप पाहिला तो असा, पाहुण्यांच्या रूपात. आजही लेण्यांवर फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश बोलणारे स्थानिक मार्गदर्शक भेटतात. त्यांची ही विद्या मोठ्या कौतुकाची आहे.

उलट दिशेने जाण्यात पहिली आडकाठी धर्माची होती. समुद्र ओलांडला की प्रायश्चित्त घ्यावे लागे. लोकमान्य टिळक १९१९ मध्ये इंग्लंडहून परतले, तेव्हा त्यांनाही ते घ्यावे लागले. राजेरजवाड्यांनी हा धाक आधी मोडला. आजच्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर दत्तक गेलेले सयाजीराव गायकवाड १८८७ मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले ते महाराणी चिमणाबाईंना सोबत घेऊन. पडद्यात वाढलेल्या राणीने पतीबरोबर युरोपची शहरे पाहावीत, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. मराठी कुटुंबाच्या युरोप-प्रवासाची सुरुवात शोधायची तर ती इथे सापडते. अर्थात तो मोठ्या लवाजम्याचा, महिनोन्‌महिने चाललेला प्रवास होता. सुट्टीत उरकण्याजोगा तो नव्हताच. सुवेझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावरही बोटीने एका बाजूचे दोन-तीन आठवडे जात. जाऊन येईपर्यंत शाळा सुरू होऊन पावसाळा लागलेला असे.

औरंगाबाद निजामाच्या राज्यात असल्यामुळे इथल्या माणसाची आणखी एक अडचण होती. संस्थानात चालणारा रुपया ‘हाली’, तर ब्रिटिश हिंदुस्थानचा ‘कलदार’. सात हाली दिले की साधारण सहा कलदार मिळत. बोटीचे तिकीट मुंबईत, कलदारात. म्हणजे देशाची हद्द ओलांडण्याआधीच चलन एकदा बदलावे लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले आणि पुढच्या काही वर्षांत हाली रुपया व्यवहारातून गेला. योगायोग असा की त्याच वर्षी ८ जून रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनीव्हामार्गे लंडनला गेले. आठवड्यांचा प्रवास आता तासांत मोजता येऊ लागला. सुट्टीत युरोप पाहून परतणे निदान घड्याळाच्या हिशेबात जमण्यासारखे झाले.

हिशेब जमला तरी डॉलर मिळत नव्हते. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची तूट इतकी होती की परदेशी सहल ही सरकारच्या लेखी चैन ठरली. विमानाचे तिकीट काढायलाही रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीचा ‘पी फॉर्म’ लागे. साठच्या दशकात परदेशी निघालेल्या माणसाला सोबत अवघे आठ डॉलर नेता येत. तिकडे कुणी नातेवाईक किंवा संस्था खर्च उचलणार असेल तरच प्रवास होई. म्हणून त्या काळी युरोपला गेलेले मराठी लोक बहुतेक विद्यार्थी, डॉक्टर, अधिकारी, शिष्यवृत्तीधारक किंवा निमंत्रित कलावंत असत. १९६० च्या ‘अपूर्वाई’त पु. ल. देशपांड्यांनी लिहिलेला विलायतेचा प्रवास मराठी घराघरांत वाचला गेला, पण वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो करता येण्याजोगा होता. राज कपूरच्या ‘संगम’ने १९६४ मध्ये व्हेनिस, पॅरिस आणि स्वित्झर्लंड रंगीत पडद्यावर आणले. युरोप आधी पुस्तकात आणि पडद्यावर पाहायचा, प्रत्यक्षात नाही, अशी एक अख्खी पिढी गेली.

पुढे काही वर्षांतून एकदा माणशी ५०० डॉलर नेण्याची मुभा मिळाली. बँक किंवा चलनविक्रेता ती रक्कम पासपोर्टच्या मागच्या पानावर लिहून शिक्का मारून देई. ही नोंद फार जपावी लागे, कारण पुढचा कोटा कधी मिळणार हे तिच्यावर ठरे. चौघांच्या कुटुंबाला मिळून २००० डॉलर. त्यात हॉटेल, जेवण, तिथला प्रवास आणि अडीअडचण सगळे बसवायचे. एकट्या कुटुंबाला हे जमवणे अवघड होते. पन्नास जणांचे चलन एकत्र करून आधीच हॉटेले आणि बस ठरवणाऱ्याला मात्र ते जमू शकत होते. गटसहलीचा जन्म बऱ्याच अंशी या गणितातून झाला, आणि तिच्या यशाचे श्रेय केवळ जाहिरातीला देणे अन्यायाचे ठरेल. एसओटीसी ही १९४९ ची कंपनी. तिने १९७६ पासून परदेशी गटसहली काढल्या. १९८४ मध्ये केसरी पाटील यांनी मुंबईत ‘केसरी’ सुरू केली आणि मराठी मध्यमवर्गाला सहलीची भाषा, जेवण आणि सोबत हे तिन्ही ओळखीचे मिळाले. २०१३ मध्ये त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी ‘वीणा वर्ल्ड’ वेगळी काढली.

या सहलींचा साचा मराठी माणसाला नवा नव्हता. काशीयात्रेला जाणारा जुना जथा असाच असे: तारखा ठरलेल्या, म्होरक्या ठरलेला, स्वयंपाक सोबतचा, परतल्यावर घरी मावंदे. युरोपच्या सहलीत म्होरक्याच्या जागी टूर मॅनेजर आला आणि काही सहलींबरोबर मराठी स्वयंपाक करणारे महाराजही निघाले. त्यामुळेच ज्या घरांत आजी-आजोबांचा शब्द चालतो, त्या घरांनीही मुला-सुनांबरोबर परदेशी जायला होकार दिला. तिकडे शाकाहारी जेवणाचे काय, हा प्रश्न तेव्हा व्हिसाच्या खालोखाल महत्त्वाचा होता.

१९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर चलनाचे बंध सैल झाले. ऑगस्ट १९९४ मध्ये रुपया चालू खात्यावर परिवर्तनीय झाला आणि सहलीसाठीचा कोटा टप्प्याटप्प्याने वाढला. १ जून २००० पासून ‘फेरा’ या परकीय चलनाच्या जुन्या कायद्याची जागा ‘फेमा’ने घेतली. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना २५ हजार डॉलरच्या वार्षिक मर्यादेने सुरू झाली. २०१५ पासून ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. आठ डॉलरपासून इथपर्यंतचे अंतर एका माणसाच्या हयातीत कापले गेले.

याच काळात औरंगाबादही बदलले. १९८० च्या दशकाच्या मध्याला वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योगांचे जाळे पसरले. सीमेन्स आणि एंड्रेस हाउजर या युरोपीय कंपन्यांनी इथे उत्पादन सुरू केले. २००१ मध्ये शेंद्र्याला चेक प्रजासत्ताकाच्या स्कोडाचा प्रकल्प सुरू झाला. इंजिनिअर आणि उद्योजक कामासाठी जर्मनी, स्वित्झर्लंड, चेकियाला जाऊ लागले. कामानिमित्त एकदा पाहिलेले शहर पुढच्या सुट्टीत घरच्यांना दाखवावे, ही इच्छा मग स्वाभाविक होती. २०१० च्या ऑक्टोबरात शहरातल्या दीडशे जणांनी एकाच वेळी मर्सिडीज गाड्या घेतल्या, तेव्हा देशभर त्याची बातमी झाली. त्या बातमीत श्रीमंतीचे प्रदर्शन पाहणाऱ्यांना एक गोष्ट दिसली नाही. एकट्याने न करता जमून करायचे, भाव पाडून घ्यायचा, ही या शहराची व्यापारी रीत होती आणि गटसहलीतही तीच दिसते. डॉक्टरांचे, वकिलांचे, सोसायटीतल्या शेजाऱ्यांचे गट मिळून बस भरत.

व्हिसाचा अडसर सुटला तो युरोपच्या बाजूने. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी पाच देशांनी करार केला आणि २६ मार्च १९९५ पासून तो अमलात आला. त्याआधी दर देशाचा वेगळा व्हिसा लागे. सात-आठ वकिलातींच्या दारी पासपोर्ट फिरवायचा तर सुट्टीचा हंगामच हातचा जाई. शेंगेनच्या एका शिक्क्यावर बेल्जियम, फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स पाहता येऊ लागले. इटली आणि ऑस्ट्रिया १९९७ मध्ये त्यात प्रत्यक्ष सामील झाले. स्वित्झर्लंड मात्र डिसेंबर २००८ पर्यंत बाहेर होते, आणि स्वित्झर्लंडशिवाय मराठी कुटुंबाची युरोप-सहल होत नाही. म्हणजे खऱ्या अर्थाने एका व्हिसावरची सहल २००९ च्या उन्हाळ्यापासूनची. ब्रिटनचा व्हिसा वेगळा तो वेगळाच राहिला. त्यातच १ जानेवारी २००२ ला युरोच्या नोटा आल्या आणि दर सीमेवर लिरा, फ्रँक, मार्क बदलण्याचा त्रास संपला.

संभाजीनगरच्या कुटुंबासाठी व्हिसा म्हणजे पुण्या-मुंबईची फेरी. नोव्हेंबर २०१५ पासून बोटांचे ठसे स्वतः जाऊन द्यावे लागतात. बारा वर्षांखालच्या मुलांना त्यातून सूट आहे. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो, प्राप्तिकराची विवरणपत्रे, बँकेचा शिक्का असलेले खातेउतारे, नोकरदाराला रजेचे पत्र, दुकानदाराला गुमास्ता परवाना, मुलांना शाळेचे पत्र आणि किमान ३० हजार युरोंचा प्रवास-विमा, असा हा गठ्ठा असतो. जुने जन्मदाखले आणि विवाहनोंदणी मराठीत असली की भाषांतर करून घ्यावे लागते. आईवडिलांपैकी एकच जण मुलाला नेणार असेल तर दुसऱ्याचे संमतिपत्र लागते. घरातल्या गृहिणींनी ही फाइल ज्या नेटाने उभी केली आहे, त्याची नोंद कुठल्याच इतिहासात होत नाही. ती व्हायला हवी.

प्रत्यक्ष सहलीचा मार्ग तीन दशकांत फारसा बदललेला नाही. लंडन किंवा पॅरिसपासून सुरुवात, मग ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, कोलोनचे कॅथेड्रल, ब्लॅक फॉरेस्ट, ऱ्हाइनचा धबधबा, ल्युसर्न, इन्सब्रुकजवळचे वॉटन्स, व्हेनिस, पिसा आणि रोम. या मार्गाला युरोपच्या कायद्याने आकार दिला आहे. बसचालकाला दिवसाला साधारण नऊ तासांवर गाडी चालवता येत नाही, साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची असते आणि सगळे यंत्रात नोंदले जाते. त्यामुळे मुक्काम कुठे पडणार, हे नकाशाइतकेच या नियमावर ठरते. ‘बस आठला सुटेल’ म्हणजे आठलाच, हे शिस्तीचे वाक्य तिथून येते. बसमधल्या जागा रोज बदलतात, म्हणजे पुढची काच सगळ्यांच्या वाट्याला येते.

स्वित्झर्लंडला या प्रवासात वेगळेच स्थान आहे आणि त्याचे श्रेय हिंदी चित्रपटांना द्यावे लागेल. १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ने ते पक्के केले. टिटलिस शिखरावर जाणारी गोल फिरणारी केबलकार १९९२ मध्ये सुरू झाली. ती तीन हजार मीटरच्या वर नेऊन सोडते. युंगफ्राउयोखचे स्थानक ३,४५४ मीटरवर आहे आणि १९१२ पासून तिथे रेल्वे जाते. आज तिथे भारतीय जेवण मिळते. इंटरलाकेनमध्ये चित्रपट-दिग्दर्शक यश चोप्रांचा पुतळा आहे. मे महिन्याच्या उन्हातून आलेल्या मुलांना जन्मात पहिल्यांदा बर्फ हातात मिळते ते बहुधा टिटलिसवर, आणि सहलीच्या छायाचित्रांत सर्वांत जास्त छायाचित्रे त्याच दिवसाची असतात.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि त्या वर्षीचा उन्हाळी हंगाम बुडाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून परदेशी सहलीच्या पॅकेजवर उगमस्थानी कर गोळा होऊ लागला. तो प्राप्तिकरात वळता होतो, पण आगाऊ रक्कम गुंतून पडते. प्रवास सुरळीत झाल्यावर चालीतही फरक पडला. एकदा गटातून जाऊन आलेली कुटुंबे दुसऱ्या खेपेला दोन-तीनच देश निवडून स्वतः तिकिटे काढतात आणि रेल्वेने फिरतात. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी नियम सैल केले. तीन वर्षांत दोन व्हिसा रीतसर वापरलेल्या प्रवाशाला दोन वर्षांचा आणि त्यानंतर सहसा पाच वर्षांचा, अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा मिळू शकतो. दर १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा कायम आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी संगणकीय नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली.