इंटरलाकेन-ओबरहास्ली: तळ्याकाठची शहरं आणि डोंगरातली गावं एकाच जिल्ह्यात कशी?

स्वित्झर्लंड फिरून आलेल्यांच्या फोटोंमध्ये काही गोष्टी हमखास दिसतात. ब्रिएन्झचं निळंशार तळं, लाउटरब्रुनेनच्या दरीत कोसळणारा धबधबा, ग्रिंडेलवाल्डची लाकडी घरं. ही सगळी ठिकाणं बर्न प्रांतातल्या एकाच जिल्ह्यात येतात. त्याचं नाव इंटरलाकेन-ओबरहास्ली.

जिल्हा कधी झाला?

बर्न प्रांतात पूर्वी २६ छोटे जिल्हे होते. १ जानेवारी २०१० पासून त्यांच्या जागी १० मोठे जिल्हे आले. त्यात इंटरलाकेन आणि ओबरहास्ली हे दोन जुने जिल्हे एकत्र झाले. मुख्यालय इंटरलाकेनला आहे. या नावाचा अर्थच 'तळ्यांच्या मधलं'. थून आणि ब्रिएन्झ या दोन तळ्यांमधल्या सपाट पट्ट्यावर हे शहर वसलंय. १८९१ पर्यंत त्याचं नाव आरम्युले होतं.

किती उंच, किती खोल?

थूनचं तळं समुद्रसपाटीपासून ५५८ मीटरवर आहे, तर जिल्ह्याच्या सीमेवरचं फिन्स्टरारहॉर्न शिखर ४२७४ मीटर उंच. म्हणजे एकाच जिल्ह्यात ३७०० मीटरहून जास्त चढ! म्युरेन आणि वेंगेन या गावांत तर बाहेरच्या गाड्यांना प्रवेशच नाही. तिथे रेल्वे किंवा केबल कारनेच जावं लागतं. ३४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोख या युरोपातल्या सर्वात उंच रेल्वे स्टेशनकडे जाणारी गाडीही याच जिल्ह्यातून वर चढते. हा मार्ग १९१२ मध्ये पूर्ण झाला.

कारभार कोण बघतं?

आपल्याकडे जिल्हाधिकारी सरकार नेमतं. इथला जिल्हाप्रमुख लोक मतदान करून निवडतात, तेही चार वर्षांसाठी. स्थानिक पालिकांवर देखरेख, त्यांच्या निर्णयांविरुद्धची अपिलं, लहान गावांतल्या बांधकाम परवानग्या आणि आपत्तीच्या वेळी समन्वय ही त्याची कामं.

पण रोजचे निर्णय पालिकाच घेतात. २०१४ मध्ये गाडमेन हे गाव इनर्टकिर्खेनमध्ये विलीन झालं, तेव्हा पालिकांची संख्या २८ झाली. गंमत म्हणजे जगप्रसिद्ध म्युरेन आणि वेंगेनला स्वतःची पालिका नाही. दोन्ही गावं लाउटरब्रुनेन पालिकेत मोडतात.

याचा पर्यटकांशी काय संबंध?

ब्रिएन्झ तळ्याकाठी ईझेल्टवाल्ड हे छोटंसं गाव आहे. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' या कोरियन मालिकेत तिथला लाकडी धक्का दिसला आणि फोटोसाठी झुंबड उडाली. शेवटी २०२३ मध्ये गावाने धक्क्यावर जायला ५ फ्रँकचं तिकीट लावलं. हा निर्णय गावाचा होता, दूरच्या राजधानीचा नव्हे.

डोंगराचा धोका तळ्यापर्यंत

वर डोंगरात ढगफुटी झाली, की दगड-चिखलाचा लोंढा खालच्या तळ्याकाठच्या वस्तीत घुसतो. ऑगस्ट २००५ मध्ये ब्रिएन्झमध्ये अशा लोंढ्याने दोघांचा बळी घेतला. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथेच पुन्हा लोंढा आला. घरांचं आणि रेल्वेमार्गाचं नुकसान झालं, सुदैवाने जीवितहानी झाली नाही. डोंगर आणि तळं यांचा कारभार एका छताखाली असणं का गरजेचं आहे, ते अशा वेळी कळतं.

आणि डीडीएलजे?

इंटरलाकेनमध्ये यश चोप्रांचा पुतळा आहे. तो २०१६ मध्ये बसवला. त्यामुळे 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चं शूटिंगही इथलंच, असं अनेकांना वाटतं. पण त्यातली झानेन आणि झ्वाइझिमेन ही ठिकाणं बर्न प्रांतातली असली, तरी दुसऱ्या जिल्ह्यात आहेत. ट्रिप आखताना हे लक्षात ठेवा, नाहीतर राज-सिमरनचा पूल शोधत इंटरलाकेनमध्येच फिरत बसाल!