गर्दी, भोवरा आणि टर्ब्युलंट

किती माणसं एकत्र आली म्हणजे त्यांना झुंड म्हणायचं? अल्पियन नावाच्या रोमन कायदेपंडिताने तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला हा प्रश्न गंभीरपणे सोडवायला घेतला होता. दोघं एकमेकांच्या अंगावर गेली तर ती नुसती हाणामारी. तिघं-चौघं असली तरी झुंड नव्हे. दहा-पंधरा झाली की मात्र 'टुर्बा'. हा काथ्याकूट उगाच नव्हता. टुर्बाच्या आडोशाने कुणी जाणूनबुजून दुसऱ्याचं नुकसान केलं, तर वर्षाच्या आत दावा लावून दुप्पट भरपाई वसूल करता येत असे. तेव्हा आकडा ठरवणं भागच होतं. आपल्याकडे 1860 च्या दंडसंहितेने बेकायदा जमावासाठी पाच हा आकडा धरला आणि 2024 मध्ये लागू झालेल्या न्याय संहितेने तोच पुढे चालवला. रोमन लोक आपल्यापेक्षा सहनशील असावेत.

या टुर्बाला 'ने भरलेला' अशा अर्थाचा प्रत्यय लागून लॅटिनमध्ये जे विशेषण झालं, तेच इंग्रजीतलं 'टर्ब्युलंट'. 'फ्रॉड्युलंट' म्हणजे लबाडीने भरलेला, तसा टर्ब्युलंट म्हणजे दंग्याने भरलेला. इंग्रज माणूस एखाद्या दशकाला, कारकिर्दीला, संसाराला किंवा शेअर बाजाराला टर्ब्युलंट म्हणतो, तेव्हा त्या शब्दाच्या पोटात दहा-पंधरा रोमन धटिंगण दडलेले असतात. मात्र हे विशेषण लावायला पाठीमागे काही काळ उलटलेला हवा. एका संध्याकाळच्या भांडणाला ते शोभत नाही. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत खुर्च्या सरकल्या, आवाज चढले, तर इंग्रजीत तिला 'स्टॉर्मी' म्हणावं आणि आपल्याकडे सरळ 'वादळी'. टर्ब्युलंट म्हणायचं तर निदान तीन-चार वर्षं सोसायटीत समितीमागून समिती कोसळलेली असावी.

माणसाला टर्ब्युलंट म्हणण्याची रीत आता जुनाट झाली, पण एका माणसामुळे ती इंग्रजीच्या आठवणीत टिकून आहे. कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस बेकेट आणि राजा दुसरा हेन्री यांचं चर्चच्या अधिकारांवरून फाटलं होतं. 1170 च्या नाताळात हेन्री नॉर्मंडीत भर दरबारात बेकेटवर कडाडला. ते ऐकून चार सरदार समुद्र ओलांडून गेले आणि 29 डिसेंबरला त्यांनी बेकेटला त्याच्याच कॅथेड्रलमध्ये कापून काढलं. या उपद्व्यापी पाद्र्यापासून कुणी माझी सुटका करील का, अशा आशयाचं वाक्य हेन्रीच्या तोंडी घातलं जातं आणि त्यात पाद्र्याचं विशेषण टर्ब्युलंट हेच असतं. गंमत अशी की हेन्री इंग्रजीत बोलणारा राजा नव्हता आणि बेकेटची बहुतेक समकालीन चरित्रं लॅटिनमध्ये आहेत. हे चटकदार इंग्रजी वाक्य मागाहून घडवलेलं आहे. राजाच्या नावावर असं तयार वाक्य चढवायची हौस आपल्या बखरकारांनाही काही कमी नव्हती.

टुर्बाच्या शेजारी लॅटिनमध्ये 'टुर्बो' असा शब्द आहे. त्याचे अर्थ दोन: मुलं खेळतात तो भोवरा आणि वावटळ. मराठी वाचकाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही, कारण आपला भोवराही दोरीने फिरतो आणि नदीतही फिरतो. क्लोद ब्युर्दँ या फ्रेंच अभियंत्याने 1822 मध्ये फिरत्या जलयंत्राला नाव शोधताना हाच टुर्बो उचलला आणि 'टर्बाइन' शब्द जन्माला आला. 'ट्रबल', 'डिस्टर्ब' ही याच घरातली मंडळी. 'टर्बन' मात्र नव्हे. तो फारसी 'दुलबंद'पासून निघालेला, फेट्याचा आणि दंग्याचा व्युत्पत्तीने तरी संबंध नाही.

पाण्याला आणि हवेला टर्ब्युलंट हे विशेषण शास्त्रज्ञांनी पक्कं चिकटवलं. मँचेस्टरला ऑस्बर्न रेनॉल्ड्सने काचेच्या नळीतून वाहत्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडून पाहिली. वेग कमी असताना धार सरळ जाई. एका मर्यादेपलीकडे ती एकाएकी विस्कटून सगळ्या पाण्यात मिसळे. 1883 च्या त्याच्या निबंधात या दुसऱ्या प्रवाहाला त्याने नागमोडी अशा अर्थाचा शब्द वापरला होता. चार वर्षांनी लॉर्ड केल्विनने 'टर्ब्युलन्स' म्हटलं आणि ते नाव राहिलं. नागमोडी म्हणजे निदान काही वळण तरी आलं. इथे तर पाण्याचा कण न् कण शिस्त सोडून धावत होता. केल्विनची निवड मला जास्त पटते. वैमानिक पट्टे बांधायला सांगतो तोही याच झुंडीला भिऊन.

आता आपल्या घरात येऊ. मराठीत टुर्बाचा जुळा भाऊ शोभेल असा शब्द आहे आणि आपण तो रोज वापरतो: गर्दी. हा फारसीतून आला. तिथे 'गर्दीदन' म्हणजे फिरणं, गरगरणं. ग्रहांची गर्दिश त्यातलीच. गरगरण्यावरून उलथापालथ, असा त्याचा प्रवास. अठराव्या शतकातल्या दिल्लीने आपल्यावर कोसळलेल्या प्रत्येक आपत्तीला हे शेपूट जोडलं. 1739 मध्ये नादिरशाह आला ती नादिरगर्दी, 1753 मध्ये सूरजमलच्या जाटांनी शहर लुटलं ती जाटगर्दी, आणि सदाशिवरावभाऊंच्या स्वारीनंतर पानिपतावर जे झालं ती भाऊगर्दी. उत्तरेत हे शेपूट अजून डंख मारतं. दहशतगर्दी, गुंडागर्दी हे शब्द ऐकणाऱ्याला धसका देतात. आपण मात्र 'गुंडगिरी' म्हणतो आणि गर्दी ठेवली ती लोकल, यात्रा आणि लग्नाच्या पंगतीसाठी. भाऊगर्दीचीही तीच गत. ज्या शब्दात एका पिढीचा संहार होता, तो आज उमेदवारांची भाऊगर्दी, मालिकांची भाऊगर्दी असा मिश्कीलपणे येतो. लॅटिनमध्ये गोंधळाची झुंड झाली ती अखेरपर्यंत झुंडच राहिली, आपल्याकडे ती तिकिटाच्या रांगेपर्यंत निवळली.

टर्ब्युलंटची चुलतबहीण 'टुमल्च्युअस'. लॅटिनमधला मूळ शब्द 'टुमुल्टुस', आणि त्याचा रोममधला अर्थ भलताच कडक होता: शत्रू इटलीच्या दारात येऊन ठेपल्यावर पुकारलेली आणीबाणी. तेव्हा सैन्यभरतीतल्या सवलती रद्द होत. सिसेरोने अँटनीविरुद्धच्या एका भाषणात टुमुल्टुस हे युद्धाहूनही भारी प्रकरण असल्याचं सिनेटला पटवायचा प्रयत्न केला होता. इंग्रजीत आल्यावर मात्र ही बाई उत्सवी झाली. टाळ्यांचा कडकडाट टुमल्च्युअस असू शकतो, स्वागतही असू शकतं. टर्ब्युलंट स्वागत म्हटलं तर पाहुणा दगड खाऊन आला असं वाटेल.

आपली 'धामधूम' अगदी या वाटेने गेली. संभाजी महाराजांच्या वधानंतरची वर्षं इतिहासकार 'धामधुमीचा काळ' म्हणून सांगतात. त्यात गडांचे वेढे आहेत, उजाड गावं आहेत. त्याच शब्दावर आज मांडवाचं तोरण आहे. म्हणूनच 1982 च्या गिरणी संपानंतरच्या मुंबईच्या 'टर्ब्युलंट' वर्षांवरचा इंग्रजी लेख मराठीत आणणाऱ्याची पंचाईत होते. 'धामधुमीची वर्षं' म्हटलं तर सनई वाजते, 'गर्दीची वर्षं' म्हटलं तर दादर स्टेशन आठवतं, 'प्रक्षुब्ध' म्हटलं तर संपाचं पत्रक वाचल्यासारखं होतं. मी 'धुमश्चक्रीची वर्षं' लिहीन. त्या शब्दात धूर आहे आणि चक्रही.