स्वभाव, शील आणि राघोबादादा

माळव्यात स्थिरावलेल्या आपल्या मराठी घरांतून राघोबादादांची दोन चित्रे चालत आली आहेत. एक १७५८ च्या एप्रिलात लाहोरात शिरलेल्या सेनापतीचे, दुसरे ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेल्या नारायणरावांच्या वधाचे. ही दोन्ही एकाच पुरुषाची कशी, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस सतावीत आला आहे.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट क्लोनिंजर यांनी १९९३ मध्ये व्यक्तिमत्त्वाचे दोन भाग कल्पिले. स्वभावात नावीन्याची ओढ, धोका टाळण्याची वृत्ती, इतरांच्या जिव्हाळ्याची गरज व चिकाटी. शीलात स्वतःस दिशा देण्याची शक्ती, सहकार्य आणि स्वतःपलीकडची दृष्टी. व्यक्तिमत्त्व विकृत ठरते ते मुख्यतः शीलातील पहिली दोन अंगे दुबळी असल्याने. ती कोणत्या रूपात प्रकट होते, हे मात्र स्वभाव ठरवितो. आत्मप्रौढी मोजणारी रॅस्किन व टेरी यांची चाळीस कलमांची प्रश्नावली १९८८ ची. तीत अधिकाराची हौस, श्रेष्ठत्वाची भावना, 'हे माझेच' ही हक्काची जाणीव इत्यादी घटक येतात. परंतु निरोगी आत्मविश्वासही तीत गुण मिळवून जातो. म्हणून केवळ जास्त गुण म्हणजे रोग नव्हे.

दादांच्या धाडसाविषयी शंका नाही. उत्तरेची मोहीम मोठी, पण परतताना सोबत कर्जही मोठे. १७६६ मध्ये गोहदचा वेढा रेंगाळला. पुढच्या वर्षी होळकरांच्या दौलतीवर डोळा ठेवून ते माळव्यात उतरले व अहिल्याबाईंची तयारी पाहून मागे फिरले, असे परंपरा सांगते. 'ध'चा 'मा' कोणी केला, या वादात आम्ही पडत नाही. पण गादीसाठी ६ मार्च १७७५ रोजी सुरतेस इंग्रजांशी तह करून साष्टी व वसई देऊ करणारा पुरुष राज्याला आपल्या हक्काचे परिशिष्ट समजत होता, हे उघड आहे.

आणि पुतणे थोरले माधवराव? तेही कोपिष्टच. दोघांच्या स्वभावात फार अंतर असेल असे आम्हांस वाटत नाही. पण १७६२ मध्ये आळेगावी घरची लढाई विकोपास जाते असे दिसताच हा तरुण पेशवा स्वतः काकांच्या स्वाधीन झाला, आणि पुढच्याच वर्षी राक्षसभुवनी निजामाला हरविताना काकांस सोबत घेऊन लढला. १७६८ मध्ये धोडपला मात्र त्याने काकांस कैद केले. अंतर आहे ते शीलाचे.

दादांनी कोणतीही प्रश्नावली भरलेली नाही. बखरकार व पत्रलेखक तर कोणत्या ना कोणत्या पक्षाचे. तेव्हा हे रोगनिदान नव्हे. शिवाय स्वभाव उपजत आणि शील घडलेले, ही क्लोनिंजर यांची विभागणी पुढे जुळ्या भावंडांवरील अभ्यासांत तितकीशी टिकली नाही. शीलातही आनुवंशिकतेचा वाटा दिसून आला.

हे वाचताना धारचा किल्ला आठवतो. दादा आश्रयासाठी गुजरातेत फिरत असता, जानेवारी १७७५ मध्ये आनंदीबाईंच्या पोटी तेथे दुसरे बाजीराव जन्मले. १७८३ मध्ये दादा कोपरगावी वारले. मुलाचे तरुणपण नाना फडणविसांच्या नजरकैदेत गेले. त्याच्या पुढील संशयी कारभारात पित्याचा वारसा किती आणि कैदेचा वाटा किती, हे त्या कागदपत्रांतून वेगळे काढणे आम्हांस तरी साधलेले नाही.