अजिंठ्याच्या नकला : जळालेल्या आणि उरलेल्या

अजिंठ्याच्या लेण्यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. सातवाहनकाळातील चैत्यगृहे, वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळातील विहार, त्याचा सचिव वराहदेव आणि भिक्खू बुद्धभद्र यांची दाने हे विषय आमच्या वाचकांस परिचित आहेत. परंतु तेथील भित्तिचित्रांची नोंद कोणी, कशी व कोणासाठी केली, हा इतिहास फारसा सांगितला जात नाही. लेण्यांची चित्रे संगणकात साठविली म्हणजे वारसा सुरक्षित झाला, अशी एक समजूत आज सर्वत्र पसरली आहे. ती तपासून पाहण्यासाठी या जुन्या इतिहासाकडे वळणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आधुनिक काळातील पहिली नोंद हीच मुळी एक जखम आहे. 28 एप्रिल 1819 रोजी मद्रास लष्करातील जॉन स्मिथ हा अधिकारी क्रमांक 10 च्या चैत्यगृहात आला आणि तेथील एका चित्रित स्तंभावर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली. त्यानंतर आलेल्या असंख्यांनी त्याचे अनुकरण केले. याच लेण्यातील छद्दंत आणि साम जातकांची अतिप्राचीन चित्रे अशा नावांखाली अक्षरशः खरवडली गेली आहेत.

1844 मध्ये चित्रांच्या नकला उतरविण्यासाठी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. त्याने तैलरंगात मोठमोठ्या नकला केल्या व त्या लंडनला रवाना झाल्या. क्रिस्टल पॅलेस येथे त्या मांडलेल्या असताना 1866 च्या आगीत बहुतेक सर्व भस्मसात झाल्या. मग 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह तेच काम नव्याने हाती घेतले. या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावारूपास आलेले चित्रकार होते. काम 1885 पर्यंत चालले, नकला पुन्हा लंडनलाच गेल्या, आणि त्याच वर्षी साऊथ केन्सिंग्टन येथील आगीत त्यांपैकी शंभराहून अधिक जळाल्या. एकाच शतकात, एकाच शहरात, एकाच चित्रांच्या नकला दोनदा जळाव्यात यास योगायोग म्हणता येईल. परंतु पहिल्या आगीनंतरही एकेकच प्रत करून ती समुद्रापार पाठविण्यात आली, यास योगायोग म्हणता येत नाही.

नकलेची किंमत मूळ चित्रांनीही मोजली. रंग उठून दिसावेत म्हणून त्या काळात भिंतींवर वार्निश चढविले गेले. कालांतराने ते पिवळे पडले. पुढे 1920 नंतर निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावून चित्रे पक्की करून घेतली. निखळू पाहणारा गिलावा त्यांनी सावरला हे मान्य केलेच पाहिजे, पण त्यांनी लावलेल्या लाखेचा थरही पुढे काळवंडला. तो काढण्याचे काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांस अनेक दशके करावे लागले.

विसाव्या शतकाच्या आरंभी लेडी हेरिंगहॅम यांच्यासमवेत नंदलाल बोस, असितकुमार हलदार, व्यंकटप्पा आदी तरुण चित्रकार अजिंठ्यास राहिले. 1917-18 च्या सुमारास जपानचे अराई कांपो आले. त्यांच्या चमूने केलेल्या नकला तोक्यो विद्यापीठात ठेविल्या होत्या. 1923 च्या भूकंपानंतरच्या आगीत त्या नष्ट झाल्या. हेच कांपो पुढे जपानमधील होर्यूजी या प्राचीन बौद्ध मंदिराच्या भित्तिचित्रांच्या नकलांवर काम करीत होते. ते काम त्यांच्या मृत्यूनंतरही चालू असता 26 जानेवारी 1949 रोजी तेथे आग लागली आणि या वेळी मूळ चित्रेच होरपळली. मात्र 1935 मध्ये क्योतो येथील बेन्रिदो या मुद्रणसंस्थेने काचेच्या पट्ट्यांवर त्या भिंतींची मूळ आकारातील छायाचित्रे घेऊन ठेविली होती. त्यांच्या आधारे 1967-68 मध्ये भिंती पुन्हा रंगविता आल्या. त्या काचांची संगणकीय चित्रे आता कोणालाही पाहता येतात.

उरले ते काय? ज्याच्या अनेक प्रती निघाल्या ते उरले. ग्रिफिथ्स यांचे दोन खंड 1896-97 मध्ये छापले गेले. गुलाम यझदानी यांचे चार भाग 1930 ते 1955 या काळात निघाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1860 च्या दशकात अजिंठ्याचे लेख वाचून प्रसिद्ध केले. पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांचा लेखसंग्रह 1881 मध्ये आला. महामहोपाध्याय मिराशी यांनी क्रमांक 16 मधील लेखाचे वाचन 1941 मध्ये सुधारून दिले. एकाचे वाचन छापलेले होते म्हणूनच दुसऱ्यास ते सुधारता आले. पेटीत बंद राहिलेली नोंद कोणी दुरुस्त करू शकत नाही.

दुरुस्तीचा हा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्यासाठी एकच उदाहरण पुरेसे आहे. क्रमांक 1 च्या विहारातील राजसभेचे एक चित्र ‘इराणी वकिलात’ या नावाने प्रसिद्ध आहे. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी इराणच्या खुस्रोच्या वकिलाचे स्वागत करीत आहे, असा अर्थ जेम्स फर्ग्युसन यांनी 1879 मध्ये लावला. पुलकेशी सातव्या शतकातला. वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्यभराच्या अभ्यासानंतर हा विहार पाचव्या शतकात, हरिषेणाच्या काळात ठेविला आहे. जर्मन विद्वान डीटर श्लिंगलॉफ यांनी तर हा प्रसंग महासुदर्शन राजाच्या कथेतला असल्याचे दाखविले. दीघनिकायातील महासुदस्सन सुत्त ज्यांनी वाचले आहे त्यांस ठाऊक आहे की, हा राजा म्हणजे तथागतांचाच पूर्वजन्म. बोधिसत्त्वाच्या चरित्रातील एक प्रसंग शंभर वर्षांहून अधिक काळ परराष्ट्रव्यवहाराचे चित्र म्हणून शाळकरी मुलांना दाखविला गेला! आणि आज ज्या वेगाने हे चित्र एका संगणकावरून दुसऱ्यावर जाते, त्याच वेगाने त्याखालचे जुने नावही जाते. बिनय बहल यांनी 1991-92 मध्ये अत्यल्प प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रांनी अजिंठ्याचे रंग जगाला दाखविले. परंतु रंग कितीही स्पष्ट दिसले तरी कथा आपोआप कळत नाही.

कथा ओळखणारा वाचक येथे आहे. जातककथा ज्यांच्या घरी व विहारात सांगितल्या जातात तो समाज अजिंठ्यापासून शंभर किलोमीटरवर, या शहरात, मोठ्या संख्येने राहतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे महाविद्यालय काढले आणि त्यास नागसेनाशी वाद घालणाऱ्या जिज्ञासू मिलिंद राजाचे नाव दिले, परिसरास नागसेनवन म्हटले. तरीही अजिंठ्याच्या उरलेल्या नकला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, श्लिंगलॉफ यांचे मूळ संशोधन जर्मनमध्ये, पुढे इंग्रजीत, अशी आमची स्थिती आहे. त्या संग्रहालयाने आपल्या नकलांची चित्रे महाजालावर खुली केली आहेत, ही गोष्ट निःसंशय चांगली. पण प्रत्येक चित्राखाली मराठीत चार ओळी हव्यात, आणि त्या येथल्याच अभ्यासकांनी लिहिल्या पाहिजेत. चीनमधील दुनहुआंगच्या संस्थेने 2016 मध्ये आपल्या तीस लेण्यांची सूक्ष्म चित्रे सर्वांस खुली केली, ती लेण्यांजवळ राहून पिढ्यान्‌पिढ्या काम करणाऱ्या मंडळींच्या बळावर.

बौद्ध दानलेखांत दाता आपले पुण्य मातापित्यांस व सर्व सत्त्वांस अनुत्तर ज्ञान लाभावे म्हणून अर्पण करतो. त्या दानाची नोंद कुलूपबंद ठेवण्याचा अधिकार कोणास आहे, हे आम्हांस उमगत नाही.

अजिंठा दूर वाटत असेल तर विद्यापीठामागील डोंगर जवळ आहे. औरंगाबाद लेणी म्हणून परिचित असलेल्या या समूहाचे वर्णन बर्जेस यांनी 1878 मध्ये छापले. क्रमांक 3 मध्ये गाभाऱ्यातील बुद्धमूर्तीसमोर हात जोडून बसलेले उपासक-उपासिका आहेत आणि स्तंभांवरील तुळईवर सुतसोम जातकाचा पट कोरलेला आहे. क्रमांक 7 च्या दर्शनी भिंतीवर अष्टमहाभयांतून तारणारा अवलोकितेश्वर आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनी हजारो लोक याच पायथ्याशी जमतात आणि अनेकांच्या खिशात छायाचित्र घेण्याचे साधन असते. त्या छायाचित्राबरोबर लेण्याचा क्रमांक, भिंतीची दिशा, कथेचे नाव व ते कोणत्या आधारे ओळखले, आणि घेतल्याची तारीख एवढे टिपले, तर सुतसोमाच्या पटाची कोणती बाजू किती झिजली हे पुढील अभ्यासकास वर्षागणिक ताडून पाहता येईल.