वेताळाची हनुवटी : उपनगरातल्या कॉमिक्स-वाचकांचा इतिहास

विषय जाहीर झाल्यावर काही स्नेह्यांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचा कॉमिक्सशी काय संबंध? आमचं म्हणणं असं, की संबंध जवळचा आहे. अमुक चित्र चांगलं, तमुक वाईट, हे ठरवायचं कशावरून, आणि ठरवणारे आपण कोण, हा आमच्या विषयातला जुना प्रश्न. ह्या प्रश्नाशी आमच्या पिढीची पहिली गाठ वर्गात पडली नाही. अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या चाळींत आणि कॉलन्यांत वेताळावरून जी भांडणं होत, त्यांत ती पडली.

आधी काळ बघू. १९५० साली अंधेरी, घाटकोपर हा भाग मुंबई महापालिकेत आला; १९५७ साली हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत सरकली. पुढची वीस-पंचवीस वर्षं इथे घरं वाढत गेली, शाळा वाढल्या, आणि वाचणारी मुलंही वाढली. अशा वेळी, मार्च १९६४ मध्ये, टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेनं ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं. इंग्रजीत, आणि हिंदी, मराठी, गुजराती अशा भाषांतही. ली फॉकचा ‘फँटम’ १९३६ सालचा. मराठीत त्याचा झाला वेताळ. हे भाषांतर मोठं झकास आहे! कोकणात वेताळ म्हणजे भुताखेतांचा राजा, गावाची राखण करणारा. आणि फॉकचा नायकही लोकांच्या लेखी चारशे वर्षं न मेलेलं, चालतं-फिरतं भूतच. आपल्या मुलांना त्याची ओळख करून द्यावी लागली नाही.

आता ही पुस्तकं वाचली कशी जात, ते महत्त्वाचं. घरोघरी विकत घेण्याची ऐपत नव्हती. स्टेशनवरचा स्टॉल, रद्दीचं दुकान आणि गल्लीतली छोटी लायब्ररी, ह्या तीन वाटा. एकच अंक दहा हातांतून जाई. त्यामुळे वाचन एकट्याचं राहत नसे. जिन्यात बसून त्यावर निकाल लागत. आणि निकाल तोंडी तर असतच, पण ते बदलाबदलीच्या भावातही दिसत. एका वेताळाला दोन मँड्रेक. कव्हर फाटलं असेल तर भाव उतरे. पण अंक नवाकोरा असूनही ‘हा नको, ह्यातला वेताळ बंडल आहे’ असं एखादा पोरगा म्हणे, तेव्हा तो काय सांगत होता?

तो चित्रकाराबद्दल बोलत होता. वेताळ सुरुवातीला रे मूर काढत. त्यांच्यानंतर विल्सन मकॉय. ते १९६१ साली वारले. थोड्याच दिवसांत साय बॅरी आले आणि त्यांनी १९९४ पर्यंत काम केलं. इंद्रजालात मकॉयच्याही कथा आल्या आणि बॅरीच्याही. मकॉयचा वेताळ सपाट, थोडा ताठर, सावल्या कमी. बॅरीचा वेताळ पिळदार, हनुवटी कोरलेली, मागचं जंगल काळोखं आणि खोल. चित्रकारांची ही नावं मुलांना कुठून ठाऊक असणार? पण पोरं पानं चाळून सांगत, ‘हा त्याच माणसाचा नाही. हनुवटी बघ.’ कोणी म्हणे, ‘जुन्याला घोड्यावर बसता येत नाही.’ त्यावर एखादा जुन्याची बाजू घेई : ‘तुझा नवा नुसता व्यायामशाळेत गेलेला वाटतो, भुतासारखा वाटतच नाही.’ (हशा)

डेव्हिड ह्यूमनं १७५७ मध्ये अभिरुचीवर निबंध लिहिला. त्यात ‘डॉन किहोते’मधला एक किस्सा आहे. सँचोचे दोन नातेवाईक पिंपातली दारू चाखतात. एक म्हणतो, उत्तम आहे, पण किंचित चामड्याचा वास येतो. दुसरा म्हणतो, उत्तम, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी सापडते चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली!

आमच्या जिन्यातल्या भांडणांची किल्ली पुष्कळ उशिरा सापडली. चित्रकारांची नावं, त्यांची वर्षं, कोणती कथा कोणी काढली याच्या याद्या अभ्यासकांनी तयार केल्या, आणि दिसलं की नुसत्या नजरेनं पोरं दोन हात वेगळे काढत होती ते खरोखरच दोन हात होते. म्हणजे ‘बंडल आहे’ ह्या रोखठोक शब्दामागे निरीक्षण होतं. मोठ्यांना तिथे फक्त वाया जाणारा वेळ दिसत होता. अमेरिकेत १९५४ साली फ्रेडरिक वर्थम ह्या मनोविकारतज्ज्ञानं कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं पुस्तक लिहून खळबळ उडवली होती. आपल्याकडे त्याचं नाव न ऐकताही घरोघरी तेच मत होतं.

पण मंडळी, इथे थांबलो तर हे नुसतं स्मरणरंजन होईल. ती नजर कुठे पोचली नाही, तेही बघायला हवं. हनुवटी बघणाऱ्या मुलांनी असं क्वचितच विचारलं, की एवढ्या मोठ्या जंगलाचा रखवालदार पिढ्यान्‌पिढ्या गोराच कसा? आणि जंगलातली माणसं त्याच्याच तोंडाकडे का बघतात? प्रश्न छापणाऱ्यांना मात्र जाणवला असणार. मूळ कथेतल्या मुलखाचं नाव बंगालशी जुळणारं होतं, इथे ते ‘डेंकाली’ झालं. मूळचे ‘सिंग’ चाचे इथे ‘सिंगा’ झाले. नावं बदलली, मांडणी तीच राहिली. आणि बदल बेमालूम असल्यामुळे वाचकापुढे तो वाद आलाच नाही. रेषेबद्दल परखड असणं आणि कथेबद्दल परखड असणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं जमलं म्हणून दुसरं आपोआप जमत नाही.

दुसऱ्या प्रश्नाला हात घातला तो १९७६ साली आलेल्या ‘बहादूर’नं. आबिद सुरतींचं लेखन, गोविंद ब्राह्मणियांची चित्रं. मुखवटा नाही, अंगाला चिकटलेला पोशाख नाही; कुडता आणि जीन्स. डाकूचा मुलगा, चंबळच्या मुलखातला, आणि गावकऱ्यांना संघटित करून लढणारा. इथे रखवालदार बाहेरून येत नाही. मुलांचे निकाल मात्र इथेही तिखटच : कोणाला तो आपला वाटला, कोणी म्हणालं, ‘ह्यात जादू कुठाय?’ दोन्ही मतं लक्षात घेण्याजोगी आहेत. आपलेपणा ही गुणवत्तेची हमी नाही, आणि जादूची ओढ म्हणजे परकेपणाही नाही.

आता तिसरी गोष्ट, आणि आम्हांला सगळ्यांत जास्त बोचते ती हीच. इंद्रजाल सुरू होताना टाइम्समध्ये असलेल्या अनंत पैंनी १९६७ साली ‘अमर चित्र कथा’ काढली. १९८० पासून ‘टिंकल’ आलं. तिथले कितीतरी हात मराठी होते. ‘कृष्ण’ काढणारे राम वाईरकर; तेच सुप्पंडीचेही चित्रकार. टोपीखाली डोळे झाकलेला शिकारी शंभू वसंत हळबे यांचा. प्रताप मुळीक, दिलीप कदम. मुळीकांनी पौराणिक कथा काढल्या, अमिताभ बच्चन यांना ‘सुप्रीमो’ बनवलं, आणि १९८६ साली राज कॉमिक्सच्या ‘नागराज’ला पहिलं रूप दिलं. पुढे अनुपम सिन्हांनी नागराज काढला, आणि मुळीकांचा खरा की सिन्हांचा, हा वाद हिंदी वाचकांत अजून चालतो. अगदी आमच्या मकॉय-बॅरी वादासारखा. आम्हांला त्या वादाचा हेवा वाटतो. कारण तिथे चित्रकाराचं नाव घेतलं जातं. मराठी घरात ‘कृष्ण’ पाहिलेल्यांना विचारा, चित्रं कोणाची? अमर चित्र कथेत चित्रकाराचं नाव छापलेलं असे, तरी बहुतेकांना सांगता येत नाही.

इंद्रजाल १९९० मध्ये बंद झालं. पुढे गोरेगावच्या प्रदर्शन केंद्रात कॉमिक कॉन भरू लागलं, बोरिवली-मुलुंडची मुलं सुपरहीरोंचे पोशाख करून तिथे जाऊ लागली. त्यांची मतंही आमच्या जिन्यातल्याइतकीच फटकळ : अमका एक नंबर, तमका भंगार. काही मंडळींना तो उथळपणा वाटतो. आम्हांला तसं वाटत नाही. मत फटकळ असायला हरकत नाही. पुढचा प्रश्न विचारायचा : कशावरून? हनुवटी बघून, की मित्र म्हणाला म्हणून? कांटच्या म्हणण्याप्रमाणे ‘हे सुंदर आहे’ असं म्हणताना आपण नकळत सगळ्यांची संमती मागत असतो. संमती मागायची तर समोरच्याला पान उघडून दाखवायची तयारी पाहिजे. जिन्यात ती असे, कारण अंक मांडीवरच असायचा.

शेवटी एक विनंती. मराठी इंद्रजालचे अंक आज रद्दीत आणि माळ्यांवर विखुरलेले आहेत. कोणाच्या घरी ट्रंकेत असतील तर देऊन टाकण्याआधी एकदा काढा. नातवंडांना जवळ बसवा, एकाच नायकाची दोन पुस्तकं शेजारी ठेवा, आणि विचारा, हात एकच आहे का? मग चित्रकाराचं नाव शोधा आणि पेन्सिलीनं एका कागदावर लिहून अंकात ठेवा. तुमच्या जवळच्या ग्रंथालयानं ते घ्यायची तयारी दाखवली तर उत्तमच.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मँड्रेकच्या बाजूनं कोणी भांडणार असेल, तर त्यानं आधी बोलावं. (हशा)