जासूस आणि त्याची अरबी

जावा बेटावरच्या पेसांत्रेनांत, म्हणजे निवासी इस्लामी पाठशाळांत, अरबी फार जुनी. पण ती वाचायची भाषा होती. कियाई, म्हणजे गुरुजी, किताबातला एकेक शब्द वाचून त्याचा जावानीज अर्थ सांगत आणि सांत्री, म्हणजे विद्यार्थी, तो बारीक अक्षरांत ओळीखाली तिरका लिहून घेत. याचं नाव ‘मकना गंदुल’, लोंबता अर्थ. त्यातच कर्ता-कर्माच्या खुणा. अवघड ग्रंथ उलगडणाऱ्या सांत्रीवर अरबीत पाणी मागायची वेळ मात्र येत नसे.

बोलत्या अरबीचं मूळ पूर्व जावातल्या गोंतोर गावची मंडळी १९२६ सालात शोधतात. मक्केतल्या परिषदेला प्रतिनिधी पाठवायचा होता. त्याला अरबी आणि इंग्रजी दोन्ही यायला हव्या होत्या. असा एकही जण मिळेना. अखेर इंग्रजीसाठी चोक्रोआमिनोतो आणि अरबीसाठी मास मन्सूर, असे दोघे निवडले गेले. निवडीच्या त्या सभेला अहमद सहल हजर होते. त्याच वर्षी त्यांनी धाकट्या भावांसह गोंतोरची पाठशाळा नव्याने उभी केली. या तीन भावांना तिथे आजही ‘त्रिमूर्ती’च म्हणतात. १९३६ साली त्यांतले इमाम जरकशी सुमात्रातून शिकून परतले आणि अरबी अरबीतूनच शिकवू लागले.

पुढे भाषेचा नियम कडक झाला. नव्या मुलाला थोडे महिने सवलत. मग आळीपाळीने अरबी आणि इंग्रजी. इंडोनेशियन बोलताना सापडला, की तो ‘जासूस’: आता त्याने दुसरे चुकणारे हेरायचे. हा शब्द आपल्याकडेही अरबीतूनच आला. सोबत्याच्या बोलण्यावर कान ठेवायला लावणारी ही शिक्षा मला जाचक वाटते. पण तिच्या धाकातही मुलांनी भाषा आपलीशी केली. ‘अना’ म्हणजे मी; त्याला इंडोनेशियन ‘सिह’ चिकटलं, की आपल्या ‘मी तर’सारखा सूर लागतो. ‘कोक’, ‘दोंग’ हीही अशीच, आपल्या ‘ना’, ‘की’, ‘बरं’च्या जातीची. ती अरबी वाक्यांत शिरतात. शिक्षक दुरुस्त करत राहतात.

शाळा सुटल्यावर उलटं होतं. जुने सांत्री भेटले, की वाक्य इंडोनेशियन आणि त्यात ‘अना’, ‘अंतुम’. अरबीत ‘अंतुम’ अनेकांसाठी. हे जुने सांत्री मात्र एकट्या मित्रालाही आदराने तसंच म्हणतात, आपण ‘तुम्ही’ म्हणतो तसं.