उचलणे आणि उठवणे : पक्षाघाताच्या शुश्रूषेतील एका कृतीचा इतिहास

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटल्याने किंवा तेथे रक्तस्राव झाल्याने शरीराची एक बाजू लुळी पडते, त्या विकाराला पक्षाघात म्हणतात. अशा रुग्णाला खाटेवरून चाकांच्या खुर्चीत आणि खुर्चीतून पुन्हा खाटेवर नेण्याची कृती जेमतेम मिनिटभराची असते. रुग्णालयात तिला सरसकट ‘ट्रान्सफर’ म्हणतात आणि वैद्यकाच्या इतिहासात तिला क्वचितच जागा मिळते. मराठीत मात्र तिच्यासाठी दोन निरनिराळी क्रियापदे आहेत. ओझे उचलतात, माणसाला उठवतात. उचलताना सगळे बळ उचलणाऱ्याचे असते, तर उठवताना उठणाऱ्याचाही वाटा असतो. विसाव्या शतकात पक्षाघाताची शुश्रूषा यांपैकी पहिल्या क्रियापदाकडून दुसऱ्याकडे सरकली, आणि तीही सरळ वाटेने नव्हे.

त्यापूर्वी हा प्रश्नच फारसा उद्भवत नव्हता, कारण रुग्णाने उठावे अशी अपेक्षाच नव्हती. आयुर्वेदाने या विकाराची गणना वातव्याधींत केली (‘अर्धांगवायू’ या शब्दातील वायू तोच) आणि स्नेहन, म्हणजे तेलातुपाचा प्रयोग, व स्वेदन, म्हणजे शेक, असे उपचार सांगितले. ग्रीक वैद्यकाने तीव्र झटका असाध्य मानला. योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्याने 1658 मध्ये या झटक्याचा मेंदूतील रक्तस्रावाशी संबंध दाखवून दिला, तरी खाटेवरच्या रुग्णाच्या दिवसात त्याने काही फरक पडला नाही. उलट जॉन हिल्टन या इंग्रज शल्यविशारदाचा विश्रांती आणि वेदना यांविषयीचा ग्रंथ 1863 मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर विश्रांतीला उपचाराची प्रतिष्ठा लाभली, आणि तिची शिफारस नाना प्रकारच्या आजारांत होऊ लागली.

ही समजूत प्रत्यक्ष वॉर्डात खोटी ठरवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात मार्जरी वॉरेन यांच्याकडे जाते. लंडनच्या पश्चिमेस आयलवर्थ येथील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात त्या काम करीत असताना, 1935 मध्ये, शेजारच्या गरीबखान्याच्या इस्पितळातील 714 खाटांची जबाबदारी त्या रुग्णालयाकडे आली. असाध्य म्हणून वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या या लोकांत पक्षाघाताचे रुग्ण होते. त्यांचे सांधे आखडलेले होते आणि एकाच अंगावर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, म्हणजे शय्याव्रण, त्यांना जडलेले होते. वॉरेन यांनी प्रत्येकाची नव्याने तपासणी केली, त्यांची वर्गवारी लावली आणि ज्यांना बसवता येईल त्यांना बसवले, ज्यांना उभे करता येईल त्यांना उभे केले. यांतील अनेकांना आजाराने नव्हे, तर कोणी न उठवल्यामुळे अंथरूण धरावे लागले होते, हे त्यातून उघड झाले. रिचर्ड ॲशर यांनी 1947 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये खाटेवर पडून राहण्याच्या धोक्यांवर लिहिलेला उपरोधिक लेख गाजला, परंतु त्यातील मर्म आयलवर्थच्या वॉर्डात आधीच सिद्ध झालेले होते. अर्थात घाईलाही मर्यादा आहे: पाच देशांतील 2,104 रुग्णांवर झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, झटक्यानंतर 24 तासांच्या आत वारंवार आणि जास्त वेळ उठवलेल्या रुग्णांची प्रगती नेहमीच्या पद्धतीने उठवलेल्यांपेक्षा किंचित कमीच आढळली.

उठवलेल्या रुग्णाला बसवायचे कशात, हा प्रश्न मध्यंतरी एका जायबंदी अभियंत्याने सोडवला होता. अठराव्या शतकातील बाथ शहराची चाकांची खुर्ची मुख्यतः फिरवून आणण्यासाठी होती. 1918 मध्ये खाणीतील अपघातात पांगळे झालेले हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी 1933 मध्ये अमेरिकेत पोलादी नळ्यांची, घडी होणारी हलकी खुर्ची तयार केली. पुढे तिला ब्रेक, बाजूला होणारे पायटेकण आणि काढता येणारे हात मिळाले, तेव्हा ती खाटेला अगदी चिकटून उभी राहू शकली.

खाट आणि खुर्ची यांमधील त्या दोन हातांच्या अंतराला मोल किती, याचे उत्तर आकड्यांत मिळते. अमेरिकेतील मेरिलँड राज्यात फ्लॉरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनपद्धतीत रोजच्या व्यवहारांतील स्वावलंबनाला 100 गुण आहेत. जेवणाला 10, आंघोळीला 5, पण या ‘ट्रान्सफर’ला 15. ब्रेक लावणे, पायटेकण वर करणे, खाटेवर जाणे आणि परत येणे हे सर्व स्वतः करणाऱ्यास पूर्ण गुण मिळतात. उठून बसू शकणाऱ्या, परंतु खाटेबाहेर उचलूनच काढावे लागणाऱ्या रुग्णास 5.

खुर्ची कोणत्या बाजूस लावावी, हा मात्र खरा वादाचा विषय झाला. जुनी शिकवण सरळ होती: खुर्ची धडधाकट बाजूस तिरपी लावावी, चांगल्या पायावर भार घ्यावा, चांगल्या हाताने खुर्चीचा दूरचा हात धरावा आणि वळून बसावे. बर्लिनहून लंडनला आलेल्या बर्टा बोबाथ आणि त्यांचे पती कारेल यांनी या शिकवणीलाच हरकत घेतली. सारे काम चांगल्या बाजूकडून करून घेतले, तर लुळी बाजू काम विसरते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या पद्धतीत खुर्ची लुळ्या बाजूस येते, रुग्ण दोन्ही हातांची बोटे गुंफून पुढे झुकतो, साहाय्यक लुळा गुडघा आपल्या गुडघ्यांनी अडवून धरतो आणि भार मुद्दाम त्या पायावर आणला जातो. बर्टा यांचा प्रौढांच्या पक्षाघातावरील ग्रंथ 1970 चा आहे. शास्त्र म्हणून बोबाथ पद्धतीचे श्रेष्ठत्व पुढच्या चाचण्यांत ठरले नाही. लुळा हात ओढू नये, हा तिचा आग्रह मात्र टिकला. पक्षाघातात खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडून सांधा निसटू लागतो, आणि काखेत हात घालून रुग्णाला वर खेचण्याची घराघरांतली सवय त्याच सांध्यावर घाला घालते.

तीच सवय उचलणाऱ्याच्या कमरेलाही भोवते. ब्रिटनमध्ये हाताने ओझी हलवण्याविषयीचे नियम 1992 मध्ये झाले, आणि अमेरिकेतील थॉमस वॉटर्स यांनी 2007 मध्ये रुग्णाला हलवताना एका व्यक्तीने 35 पौंडांहून, म्हणजे सुमारे 16 किलोंहून, अधिक भार घेऊ नये अशी मर्यादा मांडली. कोणत्याही प्रौढ माणसाचे वजन याच्या कितीतरी पट असते. तेव्हा ही मर्यादा पाळायची तर रुग्णाने स्वतःचा भार पेलला पाहिजे, नाहीतर यंत्र तरी आणले पाहिजे.

ही विद्या मुंबईत तुलनेने लवकर पोहोचली. अमेरिकेत जन्मलेल्या कमलाबाई निंबकर यांनी 1950 मध्ये केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे, म्हणजे रोजच्या कामांतून स्वावलंबन शिकवण्याच्या उपचाराचे, भारतातील पहिले विद्यालय सुरू केले. तेथेच 1953 मध्ये भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले आणि 1955 मध्ये हाजी अली येथे पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तरीही वॉर्डात रुग्णाला हलवण्याचे काम बहुधा मावशी आणि वॉर्डबॉय यांच्याच हाती राहिले, आणि घरी ते सुनेच्या किंवा मुलाच्या. घरची खाट बुटकी असते, कित्येकदा गादी जमिनीवरच असते, खुर्चीची बैठक मात्र जमिनीपासून सुमारे 50 सेंटीमीटर उंच असते. शिवाय साध्या घडीच्या खुर्चीचे हात पक्के बसवलेले असतात, त्यामुळे बाजूने सरकण्याचा मार्ग बंद होतो आणि उरते ते उचलणेच. रुग्णाचे तळवे जमिनीला टेकतील इतपत, खाटेच्या पायांखाली भक्कम लाकडी ठोकळे घालून तिची बैठक खुर्चीच्या पातळीला आणणे, ही पक्षाघाताचा रुग्ण असलेल्या घरात सर्वांत आधी करण्याजोगी आणि सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे.